खारवटातली चार पानं

४ ऑक्टोबर, शनिवार

पेपर परत आला. तिसऱ्यांदा. या वेळी नकार नाही, म्हणजे छळ अजून शिल्लक आहे. दोन परीक्षकांपैकी एक खूश. दुसऱ्यानं एकच प्रश्न विचारलाय: नॉर्मलायझेशनची हीच पद्धत का निवडली?

हीच का? खरं उत्तर: सरांच्या आधीच्या विद्यार्थ्यानं हीच वापरली होती, त्याची फाइल आयती पडलेली, मी नुसती नावं बदलली. हे कसं लिहायचं बाई.

सर म्हणाले, "दोन ओळी खरड आणि पाठवून दे. डिसेंबरअखेर थिसिस जमा झाला पाहिजे सुरेखा, दुसरी मुदतवाढ संपतेय. तिसरी कुणाला मिळालेली मी बघितली नाही."

माहीत आहे. दात घासतानासुद्धा माहीत असतं.

७ ऑक्टो., मंगळवार

दोन ओळी खरडायला बसले आणि नको तो उद्योग केला. दुसरी पद्धत लावून बघितली.

माझ्याकडं सगळ्या मिळून आठ नळ्या. सात नंबर या जातीच्या उसाची पानं, कुंडलच्या एका शेतकऱ्याच्या, तात्यांच्या रानातली, फेब्रुवारीत आणलेली. व-१ ते व-४ वरच्या चांगल्या रानातली. खा-१ ते खा-४ ओढ्याकडच्या खारवट तुकड्यातली, जिथं उन्हाळ्यात मीठ फुटून पांढरं होतं. कुठलं जनुक किती बोलतंय हे मशीन मोजतं, पण एका नळीतून दोन कोटी रीड (मशीननं वाचलेले तुकडे) येतात, दुसरीतून सव्वातीन. आधी सगळ्यांना एका पातळीवर आणल्याशिवाय, म्हणजे नॉर्मलायझेशनशिवाय, कुणाची कुणाशी तुलना करता येत नाही. आजवर ए.भा. करत आले, म्हणजे एकूणानं भागायचं. सरळ, शाळकरी. आज म.गु. लावलं, मधलं गुणोत्तर: बहुतेक जनुकं दोन्हीकडं जागची हलत नाहीत असं धरून त्यांच्यावरून माप ठरवायचं.

माझ्या थिसिसचा सगळा डोलारा मिठ्यावर उभा. (नाव मीच ठेवलंय. खरं नाव म्हणजे आगगाडी आहे.) मिठ्या हे जनुक खारवट रानात दुप्पट बोलतं, म्हणून सात नंबर मीठ सोसतो. प्रकरण चार तेच, पाच तेच, सहा तेच.

म.गु.नं मिठ्या सव्वापट. तेही नळ्यानळ्यांत इतका फरक की धरताच येत नाही.

तीन वेळा चालवलं. मग संगणक बंद करून आवरून ठेवला, जसं काही त्याचीच चूक होती. डबा तसाच राहिला. पोळी वातड झाली.

९ ऑक्टो., गुरु

कारण सापडलं. व-१ ते व-४ मधे दोन-तीनच जनुकांनी निम्म्याहून जास्त रीड खाल्लेत. बहुतेक धुण्यात राहिलेला कचरा. त्या नळ्या मी सगळ्यात आधी धुतल्या होत्या, हात बसलेला नव्हता.

पंगतीत दोन-तीन पैलवान येऊन बसले की बाकीच्यांच्या ताटात कमी पडतं. म्हणून बाकीच्यांची भूक कमी आहे असं नाही. मी त्यांची रिकामी ताटं बघून लिहीत गेले, यांची भूक कमी. आणि पलीकडच्या पंगतीत पैलवान कमी, तिथं सगळ्यांना भरपूर, तर लिहिलं: बघा, यांची भूक दुप्पट! चार वर्षं झाली या कामाला, आणि चूक अशी की आचाऱ्याच्याही लक्षात यावी.

डोकं दुखतंय. मान पण.

१३ ऑक्टो., सोम

सरांना सांगितलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला, म्हणजे आता लांबणार हे कळलं.

"ए.भा. म्हणजे काय दरोडा आहे का? लोकांनी वापरलीय. अजून वापरतात."

"वापरतात सर. आपल्या नळ्यांत नाही चालत."

"कोण म्हणतं?"

"नळ्याच म्हणतात."

हे जरा जास्त झालं माझं. पण ते चिडले नाहीत. मागच्या महिन्यात उंब्रजला, त्यांच्या स्वतःच्या गावात, ऊसवाल्या शेतकऱ्यांच्या मेळाव्यात माइक हातात घेऊन त्यांनी सांगितलंय की मीठ सोसणारं जनुक सापडलं. टाळ्या पडल्या. त्यांचे मोठे भाऊ पहिल्या रांगेत होते.

सर वाईट नाहीत. पहिल्या मुदतवाढीच्या वेळी माझ्यासाठी विद्यापीठातल्या मोठ्या साहेबांच्या दारात ते ताटकळत उभे राहिले होते, गुडघा दुखत असताना. कुणाच्या सरांनी केलं असतं? म्हणूनच जीव जास्त वर येतो. वाईट असते तर भांडले असते.

"बघ," म्हणाले शेवटी, "पुन्हा एकदा नीट बघ."

१७ ऑक्टो., शुक्र

नीट बघितलं. आणखी घोळ.

आठही नळ्यांचं चित्र काढलं. ज्या सारख्या त्या जवळ जवळ बसतात, वेगळ्या त्या लांब. पैलवान बाजूला काढून, म.गु. लावून. खा-१, खा-२, खा-३ सरळ चांगल्या रानाच्या घोळक्यात जाऊन बसल्यात. मीठ बघितलेलंच नाही अशा थाटात. खा-४ मात्र एकटी, पार कोपऱ्यात, आणि तिच्यात मिठ्या दुप्पट.

चारात एकच वेगळी, म्हणजे ती नासलेली असणार. वाटेत वितळली असेल, किंवा लेबल चुकलं असेल. पुस्तकात असल्या नळीला काढून टाकायची परवानगी आहे, कारण दिलं म्हणजे झालं. खा-४ काढली की मिठ्या पुरता संपला. थिसिस: "सात नंबर मीठ सोसतो की नाही, माहीत नाही." तीन प्रकरणं लिहून हे एक वाक्य.

दिवाळीला घरी जावं की नको? आई गेल्यापासून दिवाळी म्हणजे वहिनीच्या हातचा चिवडा आणि "कवा संपणार तुजं" हा प्रश्न. जाते. इथं मलकापुरात खोलीवर बसून तरी काय करू?

२२ ऑक्टो., पाडवा. आटपाडी

आप्पांकडं आता वीस-पंचवीसच मेंढरं. भाऊ डाळिंबात पडलाय, त्याला मेंढरांचा वास सहन होत नाही. आप्पा त्यांच्यातच रमतात.

सकाळी मेंढरांच्या वाड्याच्या कुंपणाच्या काट्या सारख्या करत होते, मी शेजारी बसले.

"तोंड का उतारलंया बाय?"

सांगून टाकलं. त्यांना ऐकायला काय जातं? आठ पानं आणली आप्पा, चार चांगल्या रानातली, चार मिठाच्या. मिठाच्या चारातली तीन चांगल्यासारखीच निघाली. एकच निराळं. ते एक टाकून देणार आहे.

"पानं काडली कुनी?"

"वरची मी. खालची शेतमालकाच्या बायकोनं, अक्कांनी आणून दिली."

हातातली काटी थांबली. "मालकाच्या हातनं मेंढरू घेतलंस व्हय?"

"आप्पा, पानं होती ती."

"पानं काय न् मेंढरं काय. मालक देतोय तवा चांगलं म्होरं करतोय. कळपात आपुन शिरायचं, हाताला लागंल ते धरायचं. येवडं शिकलीस, आन् धनगराची असून...?" मग जरा थांबून: "चवथं कुनी काडलं?"

चौथं मी काढलं होतं. अक्का चहा टाकायला घरी गेल्या, तेवढ्यात मीच आत शिरून मधोमध हाताला आलं ते ओढलं. हातावर कापलेलं आठवतंय.

आप्पा पुन्हा काट्यांकडं वळले. बरं झालं. ओवाळायची वेळ झाली म्हणून वहिनी हाक मारत होती.

२ नोव्हेंबर, रवि

कुंडल. पलूसपर्यंत एसटी, पुढं वडापची जीप. तात्या घरी नव्हते, कारखान्याकडं तोडीच्या चिठ्ठीसाठी गेलेले. अक्का दारातच, "या की मॅडम, सणाला आला न्हाईसा."

ओढ्याकडच्या रानात गेलो. ऊस आता पंधरा-सोळा महिन्यांचा, डोक्याच्या वर. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, अक्का, फेब्रुवारीत तुम्ही पानं कुठली दिली होती? मी बांधावर धुराच्या डब्यापाशी बसले होते तेव्हा. (पानं जागच्या जागी गोठवायच्या नायट्रोजनच्या डब्याला त्या धुराचा डबा म्हणतात.) कंबर गेली होती माझी त्या दिवशी, सकाळपासून वरचं रान झालेलं, आणि त्याच म्हणाल्या होत्या, तुमी हितंच बसा, तुमचं हात कापत्याल.

"ती व्हय? त्या चराकडंची." चेहरा उजळला त्यांचा. "तितं चर मारल्यापास्नं मीठ उतारलंया बगा, काळाभोर ऊस येतोय. मदलं समदं पिवळं. पाव्हण्याला पिवळं पान द्यायचं व्हय? आन् तुमी म्हनलासा पानं लांबच्या मशिनीत जानार. म्हनलं आपल्या रानाचं नाव जायला नगं. पळत पळत आनलीती, येकेक बगून."

आठवलं मला. पळतच आणली होती. पदर खोचून, पान दोन हातांत धरून, देवाला न्यावं तसं. मी म्हटलं होतं, अक्का लय छान, आणि चिमट्यानं नळीत घातलं होतं. लेबल लावलं होतं. खा-१.

म्हणजे खा-१, २, ३ खारवट नाहीतच. खारवट एकच, खा-४, जी मी टाकून देणार होते.

"आमची पानं चांगली निगाली न्हवं?"

"हो अक्का. लय चांगली निघाली."

जेवायला घातलं. वांग्याची भाजी, दही. निघताना म्हणाल्या, औंदा ऊस गेला की खोडवा धरणार (तोडलेल्या बुडख्यांतून फुटेल तोच ऊस वाढवणार), न् खालचं शेजारचं रान बी सात नंबरच लावायचं ठरवलंय. "सरांनी उंबरजात सांगितलं म्हनं, मीठ सोसतोय. आमच्या भावानं ऐकलं. तुमी बी म्हनलाच हुतासा."

म्हटलं होतं. फेब्रुवारीतच म्हटलं होतं, नळ्या उघडायच्या आधीच.

वडापमधे शेजारच्या बाईनं विचारलं, बरं वाटंना का? नाही म्हटलं. खरंच नव्हतं वाटत.

३ नोव्हें., सोम

सरांना सगळं सांगितलं, चराची गोष्टपण. ऐकता ऐकता ते हसायला लागले. मग एकदम सरळ बसले.

"अगं म्हणजे मिठ्या आहे! खा-४ खरी, आणि तिच्यात दुप्पट. आपण म्हणत होतो तेच."

"एका पानावरून सर?"

"पण खरं काय ते आता तुला माहीत आहे ना? ए.भा. सांगते दुप्पट. पेपरमधे दुप्पट आहे. उत्तर बरोबर आहे. मग कशाला खोदतेस?"

"उत्तर बरोबर असेल. पण ज्या रीतीनं काढलं ती चूक आहे. पैलवानांमुळं आलेलं दुप्पट ते, मिठामुळं नव्हे."

"मास्तरीणबाईसारखं बोलू नकोस."

बोलले. काय करू? आमच्या शाळेत रीत चुकली की उत्तर बरोबर असलं तरी भोपळा मिळायचा. तेव्हा किती राग यायचा त्या बाईंचा.

६ नोव्हें., गुरु

तीन दिवस एकच विचार. आज इथं तरी खरं लिहिते.

मला वाटतं मिठ्या वाढतो. मनापासून वाटतं. खा-४ बघितली की वाटतं. म्हणजे मी पेपर आहे तसा जाऊ दिला तर खोटं लिहिलं असं होत नाही, फक्त... फक्त काय? परीक्षकाला दोन ओळी. ए.भा. प्रचलित आहे, म्हणून वापरली. तो मान डोलावेल. डिसेंबरात थिसिस जमा. मार्चपर्यंत नावापुढं डॉक्टर. आप्पांना फोन. वहिनीचं तोंड बंद. कुणाचं काय जातं?

मग दुसरं मन: उद्या दुप्पट नसेल तर? एक पान, तेही घाईत, चहा व्हायच्या आत ओढलेलं. त्या एका उसाला कीड लागलेली असेल. पाण्याचा ताण असेल. आणि अक्का शेजारच्या रानात सात नंबर लावणार आहेत, माझ्या तोंडावर विसंबून.

कुठलंच नॉर्मलायझेशन हे दुरुस्त करू शकत नाही. ते फक्त मोजलेल्याची पातळी लावतं. जे तोडलंच नाही त्याची पातळी कोण लावणार? इतके दिवस मी ए.भा. की म.गु. यावर डोकं फोडत होते, आणि घोळ झाला बांधावर, मी बूड टेकून बसले होते तिथंच.

कंटाळा आलाय. स्वतःचाच.

८ नोव्हें., शनि

हिशेब असा. नवी पानं हवीत, आठ तरी, माझ्या हातची, रान आडवंतिडवं फिरून, जिथं पाय थांबेल तिथली. वय तेच हवं, सात महिन्यांचं. आत्ताचा ऊस जून झाला, त्याच्या पानांचा उपयोग नाही, त्यातली जनुकं वेगळ्याच कामाला लागलेली असतात. तात्यांच्या रानाला पंधरवड्यात तोड येईल. मग खोडवा. तो सात महिन्यांचा व्हायला जून उजाडेल. (आणि खोडवा म्हणजे नवी लागण नव्हे, त्यावर कुणीतरी बोट ठेवणारच.) मग नळ्या, मशीन, माप. पुढची दिवाळी.

म्हणजे तिसरी मुदतवाढ. जी कुणाला मिळालेली सरांनी बघितली नाही. नाही मिळाली तर नोंदणी रद्द, चार वर्षं पाण्यात. चौतिसाव्या वर्षी पुन्हा पहिलीपासून सुरुवात, नाहीतर आटपाडीला परत, डाळिंबाच्या खोक्यांवर चिकटपट्टी लावायला.

११ नोव्हें., मंगळ

सर म्हणाले शनिवारपर्यंत ठरव. आहे तसं जमा करायचं तर ते सही करणार. मुदतवाढीचा अर्ज दिलास तर...

"तर काय सर?"

"तर समितीला कारण लिहावं लागेल. काय लिहू? पानं एका बाईनं निवडून दिली म्हणून? हसतील गं आपल्याला."

'आपल्याला' म्हणाले. ते खरंच आहे. हसणार ते दोघांनाही.

चहा मागवला. आला तो गार. दोघांनीही प्यायला नाही.

१५ नोव्हें., शनि

अर्ज दिला.

काही धैर्यबिर्य नाही. काल प्रकरण दोन उघडलं, "नमुने यादृच्छिक पद्धतीने गोळा केले" हे माझंच वाक्य वाचलं, आणि पुढं वाचवेना. ते काढून लिहिलं: खा-१ ते खा-३ ही पाने जमीनमालकीणबाईंनी निवडून दिली. एवढंच. ते लिहिल्यावर मागचं काही उभंच राहत नव्हतं, मग अर्जाशिवाय उरलं काय?

सरांनी वाचला. दोनदा. "ठेव तिथं," म्हणाले. सही नाही केली. मी ठेवला. दाराशी पोचले तेव्हा म्हणाले, "उंब्रजला मला जावं लागणार आता. भावाला काय सांगू?"

मलाही तेच कुंडलला सांगायचंय.

१८ नोव्हें., मंगळ

अक्कांना फोन केला. चार वेळा नंबर लावून कट केल्यावर.

आधी सांगितलं, शेजारच्या रानात सात नंबर एवढ्यात लावू नका, अजून पक्कं नाही. ते त्यांनी ऐकून घेतलं. का, ते विचारलं. खोटं बोलता आलं असतं. मशीन बिघडलं म्हणता आलं असतं. पण जूनमधे पुन्हा त्याच बांधावर जायचंय, आणि पुन्हा त्या पळत सुटणार. म्हणून सांगितलं. अक्का, चांगली पानं नको होती. पिवळी नको, चांगली नको. न बघता हाताला येतील ती हवी होती. तुमची चूक नाही, मी सांगायला पाहिजे होतं.

मागं कोंबड्यांचा आवाज.

"म्हंजी माज्या पायी तुमचं वरीस गेलं?"

"नाही हो अक्का." फार पटकन म्हणाले. त्यांनाही कळलं असणार.

"म्या चांगलं म्हनून..." आणि ठेवला फोन.

बरोबर केलं की वाईट, कळत नाही. पण फार लागलं मला. आईएवढ्या बाईला मी फोनवर रडवलं असणार, आणि कशासाठी? नळ्यांसाठी.

२१ नोव्हें., शुक्र

सरांची सही झाली. अर्ज माझ्या हातात न देता शिपायाकडून पाठवला. सही आहे. तिच्यावर 'मार्गदर्शकाची शिफारस' असा रकाना आहे, चार ओळींचा. तो कोरा.

विसरले की मुद्दाम? विचारायला खोलीपर्यंत गेले. आत फोनवर होते, "व्हय दादा, म्याच सांगितलं हुतं, आता म्याच सांगतोय," असं काहीतरी. उंब्रजला, भावाला. परत फिरले.

कोरा तसाच समितीकडं दिला. आता पुढच्या महिन्यात कधीतरी बैठक.

परीक्षकालाही कळवलं, पेपर मागं घेतेय. दोन ओळी पुरल्या.

२४ नोव्हें., सोम

दुपारी अक्कांचा फोन. मी जेवत होते. आवाज मात्र खणखणीत. शनिवारी ऊसतोडीची टोळी आली, तोड झाली, दोन दिवसांत रान मोकळं.

"पर तुमचं राखलंया मॅडम. मुकादमासंगं भांडले, हे बी वरडलं, म्हनलं दोन सऱ्या ठिवा. मदल्या. समद्यात वंगाळ. त्यात बी बरं दिसंल ते म्या तोडाय लावलं, पिवळं, रोगाट तेवडं येकेक बगून ठिवलंया. येक चांगलं पान सापडायचं न्हाई तुमास्नी. आता हुईल न्हवं काम?"

हातातला घास ताटात ठेवला.

एकेक बघून. पुन्हा एकेक बघून. आधी सगळ्यात चांगली दिली, आता सगळ्यात वाईट राखली. मापात दोन्ही सारखीच नापास. शिवाय सोळा महिन्यांचा जून ऊस, कुठल्याच पानाचा उपयोग नाही. हे सगळं एका श्वासात तोंडाशी आलं. आणि तिकडं ती बाई, नवऱ्याशी भांडून, मुकादमाशी भांडून, दोन सऱ्या ऊस उभा ठेवून, माझं गेलेलं वर्ष भरून द्यायला निघालेली.

"अक्का..."

"व्हय?"

"काही नाही."

"कवा येतासा? हे म्हनत्यात नांगर घालायचा न्हाई तरी त्येवडं मोकळं करा, खोडव्याला पानी द्यायचंय. म्या म्हनलं मॅडम आल्याबिगर हात लावायचा न्हाई."

उद्या येते म्हटलं.

का म्हटलं? हसू आलं आधी, मग ताटावरच रडू. हात तसाच खरकटा. उद्या पहिल्या एसटीनं जायचं. धुराचा डबा भरून न्यायचा आणि ती पानं घेतल्यासारखं करायचं, की रिकाम्या हातानं जाऊन अक्कांसमोर उभं राहायचं? डबा भरायचा तर आजच पाचच्या आत नायट्रोजनवाल्याला सांगायला हवं. साडेचार झालेत.